ओतिलियाचं तांबडं पाणी

आमच्याकडे मिठाचं तळं आईकडून मुलीकडे जातं, आणि ते जाताना तांबडं असावं लागतं. फिकं तळं कुणी कुणाला देत नाही. तांबडं पाणी ऊन धरून ठेवतं, लवकर तापतं, लवकर आटतं, आणि त्याखाली मीठ दाणेदार आणि टणक बसतं. फिक्या पाण्याखाली बसतो तो नुसता पापुद्रा. फावडं लागलं की चिखलात जातो.

मानाउरेच्या किनाऱ्यावर ज्या बायकांची तळी एका कालव्यावर आहेत त्यांचा एक नियम आहे. वयात आलेली मुलगी आत बसते, म्हणजे एका झोपडीत, पुरुषांच्या नजरेआड, विणायला शिकत. आणि ज्या दिवशी ती बाई होऊन बाहेर येते, त्या दिवशी तिला मिळायचं तळं सगळ्यांनी जाऊन बघायचं. तांबडं असलं तर ते तिचं. नसलं तर बांध फोडून शेजारच्या तळ्याला जोडून टाकायचं, आणि मग तिथं नुसतं समुद्राचं पाणी साठवायचं. नियम कठोर आहे, पण अन्यायाचा नाही. कालव्याच्या तोंडाशी एक जरी तळं निकामी पडलं तरी मागच्या सगळ्यांचं पाणी अडतं.

माझी धाकटी बहीण नोएमी आत बसली तेव्हा आईचं तळं पेजेसारखं फिकट हिरवं झालेलं होतं.

वादळ समुद्रात भलतीकडेच कुठंतरी झालं, पण त्याची शेपूट आमच्यावर पडली. पाऊस सगळ्यांच्याच तळ्यांवर पडला. आमचं सगळ्यांत सखल, त्यामुळे इतरांचं गोडं पाणीही वाहत आमच्यात आलं. पाणी गोड झालं की तांबडं टिकत नाही. आईनं लहानपणापासून ते तळं कधी गुलाबी पेरूच्या गरासारखं, कधी बिटासारखं पाहिलेलं, पण हिरवं कधीच नाही. ती बांधावर उभी राहिली, वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि परत सोडलं. मग म्हणाली, "याचं तोंड उतरलंय."

मी तेव्हा आईकडेच होते. रिओआचा शहरातल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकले, पुढं लग्न झालं, आणि मिरेया झाल्यावर तिला घेऊन इकडे आले. नवरा कोळशाच्या बंदरावर पाळीनं कामाला जातो, आणि एकटीला मला पोरीची साधी शिंकही झेपत नव्हती. इथं आले म्हणून झेपायला लागली असं नाही. इथं शेळ्या होत्या, काटे होते, मिठाचा वारा होता, आणि त्या सगळ्यांवर एक नवी काळजी होती. मिरेया उजेडाकडे बघत नव्हती. अंगणात नेलं की डोळे गच्च मिटून तोंड माझ्या खांद्यात खुपसायची. मी चुटक्या वाजवायची, खुळखुळा हलवायची, बोट इकडून तिकडे न्यायची. तिचे डोळे मिटलेलेच.

शेजारच्या तळ्याच्या सेनाइदामावशीनं ते हेरलं. तिच्या नजरेतून सुटलेली गोष्ट अजून घडायची आहे. "पोरगी बघत का नाही गं?" तिनं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत आमच्या तळ्याकडे हनुवटी वळवून म्हणाली की बाकी बघण्यासारखं इथं आहे तरी काय.

पण बाई मनानं वाईट नाही. त्याच संध्याकाळी तिनं निरोप पाठवला की तिच्या तळ्यातलं तांबडं पाणी न्यावं, बादल्या भरभरून, तिची ना नाही. कुणीही घेतलं असतं. आईनं घेतलं नाही. सेनाइदामावशीचं घराणं वेगळं, आमचं वेगळं, आणि आईच्या मते मीठ उसनं आणता येतं, रंग नाही. ती स्वतः बांधावर जाऊन मावशीला म्हणाली, "माझ्या लेकीच्या तळ्यात तुझ्या आजीचा रंग कसा चालेल?"

"मग पेज विका, बाई," मावशी म्हणाली. "परवापासून माझ्या शेळ्या तुझ्या तळ्याकडे तोंड करून बसतायत. त्यांना वाटतं, कुरण उगवलं."

दोघी हसल्या. आई घरी येईपर्यंत हसत होती. मग चुलीपुढे बसली आणि कधीच विझलेल्या निखाऱ्यांवर फुंकत राहिली.

आपला स्वतःचा रंग थोडा तरी कुठं उरला आहे का, हे शोधणं मग माझ्यावर आलं. वाऱ्याकडच्या कोपऱ्यात बांधाच्या पोटात एक खळगा आहे. कधीकाळी तिथली माती खणून बांध लिंपला होता. त्यावर मिठाची साय धरली होती, जाड, ताटलीसारखी. मी ती पहारीनं फोडली तर खाली गडद पाणी. चिखल, पिसं, कुजलेलं काहीबाही, आणि त्या सगळ्यात वीट उगाळल्यासारखा तांबूसपणा. पाऊस त्या झाकणाखाली पोचलाच नव्हता.

मी एक बरणी भरली, जुन्या विणलेल्या कापडातून गाळली, त्यानं पाण्यातले बारके झिंगे बाजूला निघाले, आणि घरात मागच्या फळीवर ठेवली. झिंगे या तांबड्यालाच खातात. तासाभरानं बघते तो बरणीच्या एकाच अंगाला, भिंतीच्या फटीतून उजेड येत होता त्या अंगाला, तांबूस पट्टा उभा राहिलेला. बरणी फिरवली. थोड्या वेळानं पट्टा पुन्हा फटीकडे.

मी आईला हाक मारली. तिनं बरणी हातात घेतली, वास घेतला, परत ठेवली.

"हे चालतंय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, पोहतंय. तिला सगळं सांगितलं. एकाच पेशीचा जीव. जात हिरव्या शेवाळाची, पण आमच्या या उन्हात आणि खारात त्यांच्या अंगात गाजराचा रंग साठतो, ऊन बाधू नये म्हणून. पुढे केसाहून बारीक असे दोन हात. दोन्ही हात एकदम मागं ओढत ते पाणी कापतात. आणि अंगावर एका बाजूला एक ठिपका, तोच डोळा. त्या डोळ्याला तुझंमाझं तोंड दिसायचं नाही, त्याला उजेड कुठून येतो तेवढंच कळतं.

"एका बाजूला डोळा, मग दिशा कशी कळते?"

आईचा प्रश्न असा होता की कॉलेजातल्या बाईंना आनंद झाला असता. मी चुलीवरचं मक्याचं कणीस उचललं आणि बोटांत फिरवत पुढं नेलं. म्हटलं, ते असं स्वतःभोवती फिरत पोहतात. उजेड बाजूनं येत असला तर प्रत्येक फेरीत डोळ्यावर एकदा पडतो, एकदा जातो. लुकलुकतो. लुकलुकतोय म्हणजे आपण तिरके चाललोय. मग एक हात जरा कमी, एक जरा जास्त, करत करत वळायचं. उजेडाकडे सरळ तोंड झालं की लुकलुकणं थांबतं. मग तीच वाट धरायची.

आईनं कणीस माझ्या हातातून काढून घेतलं. "एवढ्याशा जिवाला डोळा," ती म्हणाली, "आणि माझ्याच तळ्यात राहून मला कधी दिसला नाही." मग दाणे तोडत म्हणाली, "आपल्याच घरचे आहेत, म्हणून वाट सोडत नाहीत."

तिच्या आवाजात असा ताठा होता की मला हसू आलं आणि रडूही. बरणीत उभा असलेला तो पट्टा तिला खरोखरच आपलं माणूस वाटला होता.

काम कसं करायचं ते मला लगेच सुचलं. खळग्यातलं पाणी तसंच तळ्यात ओतलं तर त्याबरोबर सडका चिखलही जाणार. जिवंत पोहणारे तेवढे वेगळे काढायचे, मिठाच्या पाण्याच्या पिंपात त्यांची वाढ करायची, आणि मग तळ्यात सोडायचे. वेगळे काढायला उजेड होताच. निळं पिंप आडवं कापून त्यात गाळलेलं पाणी भरलं, काळ्या प्लास्टिकनं घट्ट झाकलं, आणि एका बाजूला तळहाताएवढी खिडकी ठेवली. आमच्याकडे उन्हाची काय कमी? मी ती खिडकी थेट उन्हाकडे वळवली. मिरेयाला पाठीशी बांधून सगळी सकाळ तिथंच घुटमळत राहिले.

दुपारी आईला आणि मावशीला बोलावलं आणि प्लास्टिक उचललं. खिडकीपाशी पाणी स्वच्छ होतं, पिता येईल असं. तांबडं सगळं मागच्या कोपऱ्यात, अंधाराला चिकटून गोळा झालेलं.

मी हात घातला. पाणी खूप तापलं नव्हतं. तरी मला वाटलं मेले. गाळताना दुखावले असतील, नाहीतर ऊन लागलं असेल, आणि वाऱ्यानं पिंप हललं म्हणून सगळे मागं साचले असतील. मी तसंच म्हटलं. सेनाइदामावशीनं नुसता डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि निघून गेली. मावशी न बोलता गेली तेव्हा मी खरी घाबरले.

आईही रागावली नाही. फावडं घेऊन बांध लिंपायला गेली. जाताना एवढंच म्हणाली की हे नोएमीच्या कानावर जाऊ देऊ नको. पोरगी आत बसून तळ्याचंच काहीतरी विणतेय.

मी नोएमीकडे गेले ते काही सांगायला नाही. मिरेया रडत होती आणि मला कुठंतरी सावलीत बसायचं होतं. झोपडीचं दार ढकललं तशी दुपार एकदम आत घुसली. नोएमी झोळीत उताणी पडून धागे मोजत होती. तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि भिंतीकडे वळली.

"ताई, दार लाव. डोळे जळतात."

मी लावलं. आत अंधार नव्हता. निवडुंगाच्या काठ्यांची भिंत, दोन काठ्यांमधून बारीक बारीक उजेड. नोएमी झोळीतून उतरली, आणि नेहमीप्रमाणे जाऊन त्या फटींपाशी बसली, हातातलं विणकाम उजेडात धरून. इतके आठवडे आत राहून ती गोरटी आणि जरा गंभीर झाली होती. पण जीभ तीच.

"तुझं तोंड असं का? कोण मेलं?"

मी काही नाही म्हटलं. मग मिरेयाचं सांगितलं, कारण ते तर सांगता येत होतं. पोरगी उजेडाकडे बघत नाही, मावशीही म्हणाली, शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल, आणि मला भीती वाटते.

नोएमीनं मिरेयाला माझ्याकडून घेतलं, मांडीवर बसवलं आणि तिचा चेहरा त्या फटींकडे केला. मिरेयानं डोळे उघडले. पहिल्यांदा एक, मग दुसरा. एका फटीकडे बघितलं, मग शेजारच्या. मग हात पुढे करून उजेडाची रेघ पकडायला गेली, ती सापडली नाही म्हणून रागावली, आणि पुन्हा गेली.

"ही बघत नाही?" नोएमी म्हणाली. "ही तर माझा धागा खाऊन टाकेल. बाहेरच्या त्या भट्टीकडे कोण डोळे उघडून बघेल, ताई? मीसुद्धा नाही बघत. उजेड हवा असतो, पण बेतानं."

मला रडू आलं, ते आधी मिरेयासाठी. ती फटीवर थापा मारत होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा ठिपका होता. मी तिला कवटाळलं तर ती माझ्यावर ओरडली, कारण मी मधे आले होते.

आणि मग मधेच, पोरीचं नाक पुसता पुसता, मला ते कोपऱ्यातलं तांबडं आठवलं. मेलेलं काहीही पिंपाच्या तळाशी बसतं. सगळं एका भिंतीला उभं राहत नाही. वाऱ्यानं ढकललं असतं तर तिथंच थांबलंही नसतं. ते मेले नव्हते. त्यांनी उन्हाला पाठ दाखवली होती. बरणीत फटीकडे आले, पिंपात उन्हापासून पळाले. पोहणारे तेच, डोळा तोच. अंधुक उजेड असला तर त्याच्याकडे, भगभगीत असला तर त्याच्या उलट. कॉलेजात आम्ही हे दिव्यासमोर केलं होतं, आणि दिवा तो किती! इथल्या दुपारपुढं तो काजवा.

मी पळत गेले. नोएमी मागून विचारत राहिली की झालं तरी काय.

पिंप झोपडीच्या सावलीत ओढलं, खिडकी उत्तरेला वळवली आणि तिच्यावर पातळ कापड बांधलं. सूर्य कलेपर्यंत थांबले. उघडलं तेव्हा खिडकीपाशी तांबडं इतकं दाट होतं की जणू कुणी आतून हात टेकवला आहे. मी नळी लावून ते हळूच ओढून घेतलं. चिखल खाली राहिला, सड खाली राहिली, आणि आमचे आमचे तेवढे वर आले. आईनं दोन्ही हात ओले करून कपाळाला लावले. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, काही नाही, घाम.

पुढचे आठवडे माझ्याकडे दोन तान्ही होती. पिंपांना जाड सावली द्यायची, दुपारी झाकायचं, शेळीच्या लेंड्यांचं गाळलेलं पाणी थेंबाथेंबानं द्यायचं, आणि प्रत्येक वेळी मिरेयाला घ्यायच्या आधी हात कोपरापर्यंत धुवायचे. आईनं बांध उंच केला, गोड्या पाण्याला वाट ठेवली नाही, आणि तळं आटून पुरेसं खारं झाल्यावर आम्ही मावळतीला पिंपं त्यात रिकामी केली. तळं आधी चहासारखं झालं. मग एका सकाळी पेरूच्या गरासारखं. आईनं मला हलवून उठवलं ते दाखवायला. दात न घासता मी बांधावर उभी होते आणि ती शेजारी, कंबरेवर हात ठेवून, जणू सगळा समुद्रच तिनं रंगवून दिलाय.

त्याच दुपारी मी पुन्हा गेले. मला राहवत नाही, झोपलेलं पोरही मी उगाच जाऊन बघते. तळं फिकं पडलं होतं. वरचं सगळं पाणी धुवट, आणि रंग खोल तळाशी. संध्याकाळी तो पुन्हा वर. रोज हेच. ऊन भगभगलं की ते खाली बुडी मारत होते. मला कळलं, आणि मी तशीच आईला शोधत निघाले, कारण आमच्याकडे तळं बघतात ते भर दुपारी.

त्यालाही कारण आहे. पहाटे आणि मावळतीला आभाळाच्या रंगानं कुठलंही डबकं तांबडं दिसतं. सकाळी तळं दाखवणारी बाई काहीतरी लपवते, असं सगळे धरून चालतात. तरी मी आईला म्हटलं की मामांना सकाळी येऊ दे. आमच्याकडे अशा गोष्टीत शेवटचा शब्द आईच्या भावाचा.

"भर दुपारी येतील," आई म्हणाली. "मीच सांगून पाठवलंय. सूर्य डोक्यावर आणून बघा म्हटलं, माझ्या लेकीचं तळं आहे."

मी तिला सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुझ्या पोहणाऱ्यांना सांग, एक दिवस उन्हात उभे राहा. मी जन्मभर उभी आहे."

नोएमी बाहेर आली त्या पहाटे तिला थंड पाण्यानं न्हाऊ घातलं. आत जाताना कापलेले केस कानांपर्यंत वाढले होते. नवा लाल पायघोळ झगा घातला, तिनंच विणलेली पिशवी खांद्याला. ती दारात उभी राहिली, बाहेरच्या फटफटलेल्या उजेडाकडे बघितलं आणि चालत आली. कुणी तिला हाताला धरलं नाही. अंगणात बकरं शिजत होतं, ढोल वाजला, आणि तिनं धुळीत गोल फेर धरून आपल्या चुलतभावाला नाचता नाचता असं मागं रेटलं की तो पाठीवर पडला. आमच्या नाचात बाईनं गड्याला पाडायचंच असतं. बायका खूश झाल्या. आईचा चेहरा मला आयुष्यभर पुरेल.

फुलहेन्सिओमामा ट्रकमधून उतरले तेव्हा सावल्या आखडल्या होत्या. उंच माणूस, पांढरा सदरा, काळी टोपी, कमी बोलणारे. त्यांनी नोएमीच्या डोक्यावर हात ठेवला, कॉफी घेतली आणि म्हणाले, चला.

सगळ्या बायका नव्या झग्यांत तळ्यावर आल्या. मी मिरेयाला रुमालाखाली झाकून घेतलं होतं. मला ठाऊक होतं काय दिसणार आहे, तरी मी आधी दुसरीकडे बघून घेतलं. पांढरं रण, पांढरं ऊन, आणि त्यात आमचं तळं, पातळ चहासारखं. शेजारी सेनाइदामावशीचं तळं, जुनं आणि दाट, अशा उन्हातही लालसर.

मामा बराच वेळ बघत राहिले. "ओतिलिया," ते म्हणाले, "याला तांबडं म्हणायचं?"

आईनं मान खाली घातली नाही. बांध फोडायला आणलेली पहार कुणीतरी मातीत टेकवली, तेवढा आवाज झाला.

मग मीच बोलले. मोठ्यांपुढे बोलताना माझा आवाज नेहमी बारीक होतो, तेव्हाही झाला. म्हटलं, "मामा, रंग आहे. खाली आहे. या जिवांना एवढं ऊन सोसत नाही, ते बुडी मारून बसलेत. सावली पडली तर वर येतील."

"सावली कुठली आणतेस?" मामा म्हणाले. "झाड तरी आहे का इथं?"

नव्हतं. मिठाच्या तळ्यांवर कोसभर झुडूपही नसतं. मी काही सांगायच्या आधीच नोएमी पुढं झाली. वर्षअखेरचे दिवस, सूर्य दक्षिणेकडे कललेला. ती जाऊन दक्षिणेच्या बांधावर पाण्याकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात बाजूला ताणले. झगा पंखांसारखा पसरला, आणि त्याची सावली पाण्यावर पडली. आईनं मामांना म्हटलं, "दादा, थांब जरा," आणि जाऊन तिच्या शेजारी हात पसरून उभी राहिली. मग मी, एका हातानं, कारण दुसऱ्यावर मिरेया होती. मग चुलत्या, मावश्या.

सेनाइदामावशी मामांजवळच उभी होती. तिनं तळ्याकडे बघितलं, आमच्या रांगेकडे बघितलं. "सरका," ती म्हणाली. "तुमचे झगे म्हणजे हातरुमाल. माझ्यात तीन तळी मावतात." आणि आईला ढुंगणानं ढकलून रांगेत घुसली.

आम्ही उभ्या राहिलो. मामांसाठी कॉफी आली, तिचा पेला रिकामा झाला. वाऱ्यानं झगे फडफडत होते, खांदे भरून आले. मिरेयानं रुमालातून तोंड बाहेर काढलं आणि खाली पाण्यावरच्या सावलीकडे बघू लागली. तिनंच पहिल्यांदा पाहिलं असेल. मी तिच्या नजरेमागं गेले, तर आमच्या पायांपुढं, अगदी पाण्याच्या कडेला, फिक्यात गुलाबी छटा उतरली होती.

ती चढत गेली. खालून, बाजूनं, सावकाश. सावलीच्या आत पाणी गुलाबी झालं, मग पेरूच्या गराचं, मग विटेचं. सावलीच्या बाहेर ते फिकंच राहिलं. त्यामुळे थोड्या वेळानं पाण्यावर एक चित्रच उमटलं. हात पसरलेल्या, झगे घातलेल्या बायकांची एक रांग, तांबड्या रंगात. एकीच्या कडेवर पोर होतं.

ढोलवाला वाजवायचं विसरून नुसता उभा होता.

मामा बांधावर वाकले, टोपी काढली आणि नोएमीच्या सावलीत मनगटापर्यंत हात बुडवला. वर काढला तेव्हा पांढऱ्या बाहीची कड नारिंगी झालेली. ती त्यांनी झटकली नाही.

"ओतिलिया," ते म्हणाले, "हे आपल्या आईच्या वेळचंच."

"मग कुणाचं असेल?" आई म्हणाली.

"माझ्या सावलीत जास्त आलंय, ते पण बघून ठेवा," सेनाइदामावशीनं सुनावलं, आणि मग मात्र रांगभर हसू फुटलं.

मामांनी पहार परत न्यायला सांगितली, नोएमीकडे वळले आणि तळं तिचं झालं असं सगळ्यांदेखत म्हणाले. बायकांनी हात खाली घेतले, खांदे चोळले, कुणी बकऱ्याचं काय झालं म्हणून घराकडे धावली. नोएमीचे हात लटपटत होते. पुरे, पोरी, मामा म्हणाले, आता घे खाली. त्यांनी पुन्हा सांगितलं तरी ती तशीच उभी राहिली, हनुवटी वर, झगा पसरून, आपल्या पाण्यावर सावली धरून.